कन्या म्हणजे सातबारा नव्हे

विवाह हे जमीन मिळविण्याचे साधन आहे, असे उघडपणे म्हणण्याचे धाडस आज सहसा कोणी करीत नाही. एका संगणकीय खेळाने मात्र ते केले आहे आणि आपल्या घरांतील तरुणांना तो खेळ मनापासून आवडतो. त्याचे नाव 'क्रुसेडर किंग्ज'. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या कंपनीने त्याची पहिली आवृत्ती २००४ साली, दुसरी २०१२ साली आणि तिसरी २०२० साली बाजारात आणली. मध्ययुगीन युरोपातील एखादे घराणे हाती घ्यायचे, पिढ्यान्पिढ्या ते चालवायचे आणि विवाह, वारसा, कारस्थान व युद्ध या मार्गांनी त्याच्या भूमीचा विस्तार करायचा, असा हा बुद्धिबळाहून कितीतरी गुंतागुंतीचा डाव आहे.

या खेळाविषयी आपल्यात दोन पक्ष पडलेले आम्हांस दिसतात. एक पक्ष म्हणतो, हा सैतानी खेळ घरातून हद्दपार करा. त्यात खून आहेत, व्यभिचार आहे, पोप महोदयांची विटंबना आहे. दुसरा पक्ष सुशिक्षितांचा. तो म्हणतो, मुलांना इतिहास शिकविणारे याहून उत्तम साधन नाही. जुना काळ तसाच होता, तेव्हा नाके मुरडण्यात अर्थ नाही. पहिल्या पक्षाशी आमचा वाद थोडका आहे. ज्या वस्तूवर बंदी घालावी ती वस्तू मुले शेजारच्या घरी जाऊन पाहतात, हा पिढ्यांचा अनुभव आहे. आमचा खरा वाद दुसऱ्या पक्षाशी आहे. हा खेळ इतिहास सांगतो हे खरे. परंतु तो अर्धाच सांगतो, आणि जो अर्धा भाग गाळतो त्यासाठी ख्रिस्तसभेने शतकानुशतके झगडा दिलेला आहे.

आधी खेळाची रीत समजून घेऊ. धर्मग्रामातील तरुणांच्या शेजारी बसून आम्ही ती समजून घेतली आहे. तिसऱ्या आवृत्तीत ८६७, १०६६ अशा ठरावीक सालांपासून आरंभ करता येतो आणि १४५३ साली, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडले त्या साली, डाव संपतो. खेळणारा एक माणूस नसून एक वंश असतो. राजा मेला की खेळणारा त्याच्या वारसाच्या रूपाने पुढे चालतो. वंशाचा वारस उरला नाही की खेळ खलास. परगणा, डची, राज्य, साम्राज्य अशी भूमीची उतरंड आहे. लग्न केल्याने सासऱ्याची भूमी लगेच मिळत नाही. लग्नाने प्रथम मैत्रीचा तह होतो. भूमी मिळते ती पुढच्या पिढीला. आईकडून एक राज्य आणि बापाकडून दुसरे, अशी दोन्ही ज्याच्या मस्तकी येतील असा नातू जन्माला घालणे ही खरी चाल. म्हणून कुशल खेळाडू वधूचे मुख पाहत नाही, तिच्या भावांची संख्या पाहतो. भाऊ नसेल तर उत्तम. असेल तर त्याच्यावर मारेकरी घालण्याची सोयही खेळात आहे. मातृवंशीय विवाहाचा करार केला तर मुले आईच्या घराण्याची ठरतात. संततीत बुद्धी व सौंदर्य उतरावे म्हणून वधूवरांची निवड पशुपैदास करणाऱ्याच्या दृष्टीनेही करता येते. आणि दुसऱ्याच्या परगण्यावर हक्क सांगायला कोणताच आधार नसेल, तर तिसऱ्या आवृत्तीत खोटा दावा तयार करण्याचे काम कोणाकडे असते? राजाच्या पदरी असलेल्या बिशपाकडे!

येथे आमचे काही धर्मबंधू संतापतील. आम्ही संतापत नाही, कारण हा आरोप निराधार नाही. सम्राट कॉन्स्टंटाइन याने पश्चिमेकडील प्रदेशांची सत्ता पोपांना दान दिली, असे सांगणारा एक दस्तऐवज कित्येक शतके खरा मानला गेला. तो बनावट असल्याचे लोरेंझो वाल्ला या पंडिताने १४४० साली सप्रमाण दाखवून दिले. भूमीच्या मोहाने धर्मपुरुषाच्याही लेखणीला खोटे लिहिता येते, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आणि ते विसरू नये असेच आम्हांला वाटते. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना हे नवे नाही. तेथेही राजाला जमीन हवी होती, राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, खोटे साक्षीदार उभे केले आणि निरपराध माणसाचा जीव गेला.

विवाहाच्या बाबतीतही खेळाने दाखविलेले चित्र काल्पनिक नाही. स्पेनमधील अरागॉनचा राजा रामिरो दुसरा हा मुळात मठवासी संन्यासी. भाऊ निपुत्रिक वारला म्हणून १1३४ साली त्याला मठातून गादीवर आणले गेले. त्याने लग्न केले, १1३६ साली पेट्रोनिला ही कन्या जन्मली आणि पुढच्याच वर्षी, ती पाळण्यात असताना, तिचा वाङ्निश्चय बार्सिलोनाचा काउंट रामोन बेरेंगेर चौथा याच्याशी झाला. वर तिच्याहून वीसहून अधिक वर्षांनी मोठा. वारसाची सोय लागली, रामिरो पुन्हा मठात गेला. १1५० साली लग्न लागले, मुलगा झाला आणि अरागॉन व कॅटलोनिया ही दोन राज्ये त्या एका मस्तकावर आली. खेळणाऱ्याला याहून सुबक चाल साधणार नाही.

अक्विटेनची एलिनॉर हे दुसरे उदाहरण. १1३७ साली बाप वारला तेव्हा ती किशोरवयीन होती आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा विस्तीर्ण प्रदेश तिच्या नावावर होता. त्याच वर्षी फ्रान्सच्या युवराजाशी तिचे लग्न झाले आणि काही दिवसांत तो सातवा लुई म्हणून राजा झाला. दोन मुली झाल्या, पुत्र झाला नाही. मार्च १1५२ मध्ये धर्मसभेने जवळच्या नात्याचे कारण देऊन तो विवाह रद्दबातल ठरविला. दोनच महिन्यांत तिने अंजूच्या हेन्रीशी विवाह केला. त्याच्याशी तर तिचे नाते त्याहूनही जवळचे होते, पण आता ते कोणाला दिसले नाही! १1५४ साली हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि अक्विटेनची भूमी फ्रेंच राजाच्या हातून इंग्रज राजाच्या हाती गेली. पुढे १1७३ साली पुत्रांच्या बंडाला तिने साथ दिली, तेव्हा हेन्रीने तिला बंदिवासात टाकले आणि १1८९ साली तो मरेपर्यंत ती सुटली नाही. तिची भूमी उपयोगी होती. ती स्वतः अडचणीची ठरली.

मग खेळाचे चुकले कोठे? त्याचे चुकले आसनाच्या निवडीत. तो सारा काळ सिंहासनावर बसून पाहतो. मुलीचे लग्न ठरविताना दोन्हीकडील सत्ताधीशांचा नफातोटा आकड्यांनी मोजला जातो. जिचे लग्न आहे तिचा होकार हा त्या बेरजेतला आकडाच नव्हे. एखादी स्त्री स्वतः राज्य करीत असेल तर खेळणारा तिच्या आसनावर बसू शकतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु तिच्या दरबारातील दुसऱ्या मुली मग तिच्या हातची प्यादी होतात. आसनावरचा माणूस बदलला, पटाचा नियम बदलला नाही.

आता योगायोग पाहा. हा खेळ ८६७ सालापासून सुरू होतो. त्याच्या बरोबर आदल्या वर्षी, ८६६ साली, बल्गेरियाचा नवख्रिस्ती राजा बोरिस याने विचारलेल्या अनेक प्रश्नांना पोप पहिले निकोलस यांनी विस्तृत पत्राने उत्तरे दिली. त्यात विवाहाविषयी त्यांनी सांगितले की, ज्यांचा विवाह व्हायचा त्यांची संमती हेच विवाहाचे सार. ती नसेल तर बाकीचे सारे सोपस्कार व्यर्थ. राजाला लिहिलेल्या पत्रात हे वाक्य लिहिणे म्हणजे राजांच्या सर्वांत मोठ्या व्यापाराच्या मुळावर बोट ठेवणे होते. सुमारे १1४० साली बोलोन्याच्या ग्रेशियनने धर्मनियमांचा संग्रह केला, त्यातही इच्छेविरुद्ध कोणाचे लग्न लावू नये हे तत्त्व आले. त्याच शतकात पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या निर्णयांनी हे पक्के झाले की, वर आणि वधू यांनी वर्तमानकाळात उच्चारलेला होकार विवाह घडवितो; बापाची, सरदाराची किंवा राजाची परवानगी त्यासाठी आवश्यक नाही. बालपणी झालेला वाङ्निश्चय वयात आल्यावर नाकारण्याचीही मुभा होती. १५६३ साली त्रेंतच्या परिषदेने विवाहासाठी धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती सक्तीची केली. त्या वेळी आईबापांच्या संमतीवाचून झालेले विवाह रद्द ठरवावेत असा फ्रान्सच्या राजसत्तेचा आग्रह होता. परिषदेने तो मानला नाही.

हे तत्त्व कागदावरच राहिले काय? पुष्कळदा राहिले, हे आम्ही लपवीत नाही. राजांना सवलती मिळाल्या, नात्याची कारणे सोयीने सापडली आणि सोयीने हरवली. तरीही ते तत्त्व मेले नव्हते. बाराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील हंटिंग्डन गावच्या एका सधन घरातील मुलीने आईबापांनी लादलेला विवाह नाकारला. तिला आज मार्कयेटची क्रिस्टिना म्हणून ओळखतात. तिच्या चरित्रात लिहिले आहे की, लिंकनच्या बिशपांनी प्रथम तिच्या बाजूने कौल दिला आणि मग लाच घेऊन तो फिरविला. ती मुलगी घर सोडून पळाली, एका एकांतवासी साधूच्या आश्रयाने वर्षानुवर्षे लपून राहिली. अखेर यॉर्कच्या आर्चबिशपांनी तिला त्या बंधनातून मोकळे केले आणि पुढे ती मार्कयेटच्या मठाची प्रमुख झाली. एका बिशपाने तिला विकले, दुसऱ्याने तिचे ऐकले. दोघेही इतिहासात आहेत. पहिल्याला खेळात कायमची नोकरी मिळाली. दुसऱ्यासाठी आणि त्या मुलीसाठी पटावर घर नाही.

आता एक अशी राणी घेऊ, जिच्या विवाहाने याहून मोठी भूमी जोडली गेली. यादविगा ही १३८४ साली, जेमतेम दहा वर्षांची असताना, पोलंडच्या गादीवर अभिषिक्त झाली. लहानपणीच तिचा संबंध ऑस्ट्रियाच्या विल्हेल्मशी ठरविला गेला होता. पोलिश सरदारांनी तो मोडला आणि लिथुएनियाचा अख्रिस्ती राजा योगाइला याच्याशी सौदा केला. १३८६ साली त्याने बाप्तिस्मा घेतला, तिच्याशी लग्न केले आणि पोलंडचा मुकुट धारण केला. पुढील वर्षी लिथुएनियात जनतेच्या बाप्तिस्म्याला सुरुवात झाली. बारा वर्षांच्या मुलीचा तो होकार किती मोकळा होता, हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सौदा सरदारांचा होता, हे मात्र निश्चित. १३९९ साली तिला कन्या झाली. ती काही आठवड्यांत दगावली आणि त्यापाठोपाठ यादविगाही गेली. वय पंचविशीचे.

खेळाच्या हिशेबात हा डाव फसला. वारस नाही, म्हणजे शिल्लक शून्य. आणि प्रत्यक्षात काय घडले? योगाइला १४३४ सालापर्यंत राज्य करीत राहिला. त्याचा वंश पुढे दुसऱ्या राणीपासून चालला. पोलंड आणि लिथुएनिया यांचे नाते मात्र तुटले नाही. ते पुढची कित्येक शतके टिकले. यादविगाने आपले जडजवाहीर क्राकोच्या विद्यापीठासाठी ठेवले आणि १४०० साली त्या विद्यापीठाचे पुनरुज्जीवन झाले. ८ जून १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी क्राको येथे तिला संतपद घोषित केले. ज्या मुलीला सरदारांनी मोहऱ्यासारखे हलविले, तिने त्या घरात चालून स्वतःचे आयुष्य घडविले. वारसाच्या गणितात जी शून्य होती, तिने विद्यार्थ्यांच्या पिढ्या मागे ठेवल्या. असा वारसा मोजण्याचे माप या खेळाजवळ नाही.

कोणी म्हणेल, ही दूरदेशीची पुराणे आपल्याला कशाला? वाचकहो, आपल्याच दारात पाहा. २३ जून १६६१ रोजी झालेल्या तहाने पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला आणि तिच्या हुंड्यात टँजिअर शहरासोबत मुंबईचे बेट देण्यात आले. १६६२ साली लग्न झाले. गोव्याचे पोर्तुगीज अधिकारी नाखूश होते, म्हणून बेटाचा ताबा प्रत्यक्षात १६६५ साली दिला गेला. १६६८ साली चार्ल्सने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. ज्या राणीच्या नावाने हे सारे झाले तिला अखेरपर्यंत मूल जगले नाही. खेळाच्या नियमाने भूमी नातवाला मिळायची. येथे नातूच नव्हता, पण भूमी गेली ती गेलीच.

या व्यवहारात मुंबईच्या कोळ्याला, भंडाऱ्याला, तेथल्या ख्रिस्ती शेतकऱ्याला कोणी काही विचारले काय? सकाळी जाळे घेऊन गेलेला माणूस परतला तेव्हा धनी बदललेला होता. खेळाच्या पटावर परगण्याचा रंग एका क्षणात पालटतो. त्या रंगाखाली माणसे राहतात, हे समजायला आपल्यापेक्षा अधिक योग्य वाचक कोणते? पटावर ज्याला 'परगणा मिळाला' म्हणतात, त्याला तळात राहणारे 'आम्हांला देऊन टाकले' असे म्हणतात.

आणि आता आमच्या लेखणीचे टोक थोडे घरात वळू द्या. जमिनीचा भाव चढला की सोयरिकीच्या बैठकीत कोणते प्रश्न येतात, हे आपण सारेच जाणतो. मुलीला भाऊ किती? वाडी कोणाच्या नावावर? रस्त्याला लागून आहे काय? हे प्रश्न खेळणारा मुलगा विचारतो तेव्हा त्याला आपण सैतानी म्हणतो, आणि मामा विचारतात तेव्हा त्याला व्यवहार म्हणतो. दुसरी रीत याहून जुनी आहे. बाप गेला, महिन्याची मिस्सा झाली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. तिला कोणी धमकावीत नाही. फक्त माहेर हवे की जमीन हवी, एवढेच सुचविले जाते. ती सही करते आणि आपण म्हणतो, बहीण फार समजूतदार!

कायदा काय सांगतो? महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना सर्वसाधारणपणे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला तर विधवेचा एक तृतीयांश भाग वगळून उरलेले मुलामुलींना समसमान मिळते. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या ख्रिस्ती स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथेही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निकाल दिला. पवित्र शास्त्र तर याहून फार जुने आहे. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे वतन का बुडावे, असे त्यांनी सर्वांसमक्ष विचारले. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले. लक्षात घ्या, त्या बोलल्या म्हणून नियम बदलला. त्यांच्यापुढे आधीच कागद ठेवला असता तर गणनेच्या पुस्तकातील ती कथा घडलीच नसती.

बहिणीने मनापासून, भावाची ओढग्रस्त पाहून आपला वाटा सोडला तर त्यात थोरवी आहे. आमचा आक्षेप त्यागाला नाही. परंतु न विचारता गृहीत धरलेला त्याग हा त्याग नसून वसुली असते. विवाहापूर्वी वर आणि वधू यांना आम्ही धर्मगुरू वेगवेगळे बसवून विचारतो: तू हे मोकळेपणाने करतोस ना? कोणाचा दाब नाही ना? आजच्या धर्मनियमांनुसारही ही संमती कोणतीही मानवी सत्ता दुसऱ्याच्या वतीने देऊ शकत नाही, आणि बळजबरीने वा गंभीर भीतीपोटी लागलेला विवाह अवैध ठरतो. वेदीपुढे आपण हे तत्त्व मान्य करतो. तलाठी कार्यालयाच्या पायरीवर मात्र ते आपल्याला आठवत नाही. तेथेही सही बहिणीचीच आहे. तेथेही तिला एकटीला बसवून कोणी विचारायला नको काय?

म्हणून आईबापांना आमचे सांगणे असे. मुलाच्या हातातला खेळ हिसकावू नका. त्याच्याजवळ बसा. तो एखाद्या राजकन्येचे लग्न ठरवून दोन राज्ये जोडील आणि अभिमानाने तुमच्याकडे पाहील, तेव्हा त्याचे कौतुक करा. चाल खरोखरच हुशारीची असते. मग त्याला पेट्रोनिलाचा पाळणा, क्रिस्टिनाचे पलायन आणि यादविगाचे विद्यापीठ यांच्या गोष्टी सांगा, आणि एवढेच विचारा: "बाळा, त्या मुलीला तू विचारलेस काय?" खेळात त्याचे उत्तर देण्याची सोय नाही, हे त्याच्या ध्यानी येईल. फक्त तो प्रश्न विचारण्यापूर्वी आपल्या कपाटातील कागद एकदा काढून पाहा. मुले हुशार असतात. ती उलट विचारतील, आत्याला कोणी विचारले होते काय?